टाकून दिलेली सामानाची यादी वाचायची कशी: आधी कागद, मग मापं, वस्तू सगळ्यात शेवटी

ट्रॉलीच्या तळाशी किंवा रिक्षाच्या सीटवर कुणाची तरी सामानाची यादी सापडली की बहुतेक जण थेट वस्तू वाचायला घेतात आणि दहा सेकंदांत निकाल लावून मोकळे होतात. ओट्स दिसले की डाएट, शुगर फ्री दिसलं की डायबिटीस, मॅगीची सहा पाकिटं दिसली की बॅचलर. आता ओट्स लिहिलेत सुनेने, खाणार सासरे, आणि यादी घेऊन दुकानात गेलाय वॉचमनचा मुलगा, असं ठाण्यात रोज घडतं. मग तुम्ही नक्की कुणाबद्दल बोलताय?

म्हणून इथे क्रम देतोय. कंटाळवाणा वाटेल, पण मोडू नका.

## १. यादी मिळवणं

कचराकुंडीत हात घालायचा नाही, हे पहिलं. ओल्या कचऱ्यातला कागद तसाही वाचता येत नाही, आणि सोसायटीच्या डब्यात हात घालून उभे राहिलात तर सेक्रेटरीला काय सांगणार. चांगल्या जागा वेगळ्या आहेत. मोठ्या सुपरमार्केटच्या ट्रॉल्या आणि बास्केट, बिलिंग काउंटरच्या खालची जागा, पार्किंगमधला ट्रॉली स्टँड. घोडबंदर रोडवर, कोपरखैरणेला, नेरुळला अशी दुकानं आहेतच, महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी संध्याकाळी गेलात तर याद्या सापडण्याची शक्यता जास्त, कारण तेव्हा पगार झालेले असतात आणि महिन्याचं सामान भरलं जातं.

दुसरी जागा म्हणजे जुना वाणी. नौपाड्यात, चरईत, कोपरीत अजून अशी दुकानं आहेत जिथे यादी देऊन जायचं आणि सामान घरी येतं. पुरवून झालेल्या चिठ्ठ्या तो खिळ्याला नाहीतर तारेला टोचून ठेवतो. त्या मात्र टाकलेल्या नसतात, त्याच्या हिशेबाच्या असतात, उधारी त्यावरच चालते. मागायच्या असतील तर सरळ विचारा, आणि नावं-फ्लॅट नंबर असलेल्या चिठ्ठ्या त्याने दिल्या तरी घेऊ नका.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बाहेर पडलेल्या याद्यांच्या मागे लागू नका, जेल पेनची शाई पसरलेली असते. बॉलपेनचं अक्षर त्यातल्या त्यात टिकतं.

थांबा, हे तपासा: आजकाल बरीच घरं यादी व्हॉट्सॅपवर टाकतात, किंवा ॲपवरून दहा मिनिटांत मागवतात. त्यांचा कागद तुम्हाला कधीच सापडणार नाही. कागदावर लिहिणारे कोण उरतात, तर वयस्कर मंडळी, कामवालीच्या किंवा मुलाच्या हातात चिठ्ठी देणारे, आणि सवय म्हणून लिहिणारे. त्यामुळे ‘ठाण्यातली माणसं अशी खरेदी करतात’ असलं वाक्य तुमच्या वहीत नको.

## २. वाळवणं, ठेवणं, नोंद

कागद दमट असेल तर वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक ठेवा, एक रात्र पुरते. इस्त्री फिरवायची नाही. यादी जुन्या बिलाच्या पाठीवर असेल तर अजिबातच नाही, कारण ते थर्मल पेपरचं बिल असतं आणि गरम लागलं की अख्खं काळं पडतं. लॅमिनेशनचंही तेच. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षर सोबत घेऊन निघते. प्लॅस्टिकच्या पारदर्शक खिशांची साधी फाइल बेस्ट.

यादीवर स्वतः काहीही लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा: कुठे सापडली, तारीख, साधारण वेळ, कशा अवस्थेत होती, चुरगळलेली, चार घड्यांची, की फाटलेली. घड्या महत्त्वाच्या. चार घड्या म्हणजे पाकिटात किंवा ब्लाउजमध्ये ठेवून आणलेली, नुसती गोल गुंडाळी असेल तर मुठीत. एवढ्यावरून हाताळणाऱ्याबद्दल थोडं कळतं, लिहिणाऱ्याबद्दल काहीच नाही.

सावधान: मोबाइल नंबर, नाव, पत्ता, औषधांची नावं, बँकेचं काही असेल तर तो भाग फोटो काढण्याआधी झाका. औषधं आणि माणूस ओळखू येईल असं काही एकाच कागदावर असेल तर फाइलमध्ये ठेवायचाच नाही, फाडून टाकायचा. इथे मी तडजोड करत नाही.

## ३. आधी पाठ, मग पोट

कागद उलटा करा. यादीपेक्षा मागची बाजू आधी.

मागे छापील तारीख असेल तर फुकटची माहिती मिळाली. रोजचं पान फाडायचं कॅलेंडर, विजेचं बिल, लग्नपत्रिका, प्रीमियमची नोटीस. यादी त्या तारखेनंतरची आहे, एवढं नक्की. किती नंतरची ते कळत नाही. लोकं लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून वर्षानुवर्षं वापरतात, आमच्या नात्यात एक काकू आहेत त्यांच्याकडे तर पत्रिकांचा गठ्ठाच आहे रबरबँड लावून. तेव्हा ‘मे महिन्याची पत्रिका म्हणजे मे महिन्याची यादी’ हे बाद.

औषध कंपनीच्या पॅडचा कागद असेल तर घर डॉक्टरचं आहे असं लगेच ठरवतात. ही पॅडं मेडिकल दुकानापासून शेजारच्या क्लासपर्यंत सगळीकडे फिरतात. शाळेच्या दुरेघी वहीचं पान मात्र जरा बोलतं, तेही ‘घरात किंवा ओळखीत लहान मूल’ इतपतच.

## ४. हात किती, पेनं किती

आता पुढची बाजू, पण अजून वस्तू नाही. मोजा: किती वेगवेगळी अक्षरं आहेत, किती पेनं.

अक्षरावरून स्वभाव सांगण्याचा नाद सोडा. तिरकं अक्षर म्हणजे भावनाप्रधान वगैरे सगळं भंकस आहे. यादी फ्रिजवर कागद टेकवून, एका हातात फोन धरून लिहिलेली असू शकते. अक्षर वापरायचं ते फक्त माणसं मोजायला. मुख्य यादी एका हातची आणि खाली दोन वस्तू दुसऱ्या हातच्या असतील तर कागद घरात फिरलाय किंवा काही दिवस ओट्यावर पडून होता. एकाच हाताचं पण दोन शाईंचं असेल तर यादी दोन बैठकांत झाली.

आकडेही बघा. मराठीत वस्तू आणि इंग्रजी आकडे हे आता सर्रास. मराठी आकडे असतील तर लिहिणाऱ्याचं शालेय शिक्षण मराठीतून झालं असावं असं म्हणायला जागा आहे. आणि कधी कधी दंड दिसतात: १ या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे सव्वा, दोन रेघा म्हणजे दीड, तीन म्हणजे पावणेदोन. ही जुनी हिशेबाची पद्धत. असा कागद सापडला तर लिहिणारं माणूस बहुधा म्हातारं आहे, किंवा पेढीवर, दुकानात हिशेब शिकलेलं. नवख्यांना ती रेघ म्हणजे टिक वाटते आणि सव्वा किलोचा किलो होतो.

वर ‘॥ श्री ॥’ लिहिलेलं असणं ही निव्वळ सवय. त्यावरून भक्ती मोजू नका, मी नास्तिक माणसांना परीक्षेच्या पेपरावर श्री लिहिताना पाहिलंय.

## ५. क्रम

यादी लिहिताना डोळ्यासमोर काय होतं ते क्रमावरून कळतं, आणि माझ्या मते यादीतला सगळ्यात कमी खोटं बोलणारा भाग हाच.

तीन प्रकार नेहमी भेटतात. तांदूळ, गहू, डाळी, साखर, चहा, तेल, मग साबण असा क्रम असेल तर ती वाण्याला द्यायची पारंपरिक यादी, आईकडून किंवा सासूकडून आलेली. दुकानातल्या रांगांप्रमाणे लिहिलेली असेल तर माणूस त्या दुकानात नेहमी जातो, इतका की कुठल्या रांगेत काय ते पाठ आहे. आणि क्रमच नसेल, म्हणजे जिरं, हार्पिक, केळी, सेफ्टीपिना, तर जे संपलं ते तसं तसं लिहिलंय, अशी यादी चार-पाच दिवसांत भरत गेलेली असते.

क्रम कुठे मोडतो तिथे पेन्सिलने आपल्या चिठ्ठीवर खूण करा. डाळींच्या मधेच एकदम ‘मेणबत्त्या’ आलं तर लिहिताना लाइट गेले असतील, कुणी तरी आठवण करून दिली असेल, वाढदिवस असेल. कारण तुम्हाला माहीत नाही, पण तिथे काहीतरी झालं हे माहीत आहे.

एक यादी समोर ठेवतो, घोडबंदरच्या बाजूला ट्रॉलीत होती, पुढचे टप्पे हिच्यावरच बघू:

॥ श्री ॥
तूरडाळ १
मूगडाळ पाव
साबु. अर्धा (चांगला बघून)
शेंगदाणे १
गूळ चिकीचा अर्धा
तीळ पाव
तेल ५ लि.
ह्यांची ब्लेडं
सर्फ छोटा
*बोर्नव्हिटा*
*मॅगी ६* (खोडून ४)
इसबगोल
बाबांची बिस्किटं शु. फ्री

तिरप्या अक्षरातल्या दोन ओळी दुसऱ्या हातच्या, निळ्या जेल पेनने. बाकी सगळं काळं बॉलपेन.

## ६. मापं

इथे वेळ घालवा. वस्तू सगळ्यांच्या सारख्याच असतात, तूरडाळ कोण आणत नाही. फरक मापात असतो.

प्रत्येक मापासमोर स्वतःला विचारायचं, हे रोजचं माप आहे की प्रसंगाचं? वरच्या यादीत तूरडाळ एक किलो, मूगडाळ पाव. म्हणजे रोजचं वरण तुरीचं, मूग कधीतरी खिचडीला. तीळ पाव किलो आणि सोबत चिकीचा गूळ असेल तर संक्रांत जवळ आलीय, बाकी वर्षभर तीळ चमच्याने लागतात. साबुदाणा अर्धा किलो आणि दाणे एक किलो, यावरून लगेच उपवास म्हणू नका, दाण्याचं कूट आपल्याकडे भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत रोजच जातं. दाणे रोजचे, साबुदाणा प्रसंगाचा, असं वेगळं धरा. साबुदाण्यासोबत वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, सैंधव हे सगळं एकदम आलं तर मात्र नवरात्राचा किंवा मोठ्या एकादशीचा विचार करायला हरकत नाही.

प्रसंगाची काही मापं जवळजवळ सहीसारखी असतात. रवा, साखर, तूप तिन्ही सव्वा-सव्वा आणि खाली केळी, म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद, दुसरं काही असूच शकत नाही असं म्हटलं तरी चालेल. त्याच्याबरोबर सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, बदाम नगावर लिहिले असतील तर ती गुरुजींनी सांगितलेली यादी आहे, घरच्यांनी फक्त उतरवून घेतलीय. मग त्यातून घराबद्दल काय कळणार? घरी पूजा आहे, बास. जांभळी नाक्याला गणपतीच्या आधी अशा याद्या पायाखाली येतात. पातळ पोहे दोन किलो, डाळं, बेसन, पिठीसाखर, मैदा म्हणजे दिवाळी. मिरच्यांची तीन-चार नावं किलोकिलोने आणि धणे दोन किलो दिसले तर एप्रिल-मे, वर्षाचा मसाला, कांडपवाल्याकडे जायची तयारी. वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटच्या आसपास सापडलेल्या यादीत अशी मापं आली तर जरा थांबा, ती छोट्या दुकानदाराची किंवा पोळीभाजी केंद्रवाल्या ताईंचीही असू शकते. दहा किलो म्हटलं की एकत्र कुटुंब असं नसतं.

तेलाचा पाच लिटरचा कॅन ही आणखी एक फसवी गोष्ट. कॅन स्कीममध्ये स्वस्त पडतो म्हणून दोन माणसांचं घरही कॅनच घेतं. पाकिटाचा आकार दुकान ठरवतं. सुटं माप, पाव, अर्धा, दीड, हे घर ठरवतं. माणसांची संख्या काढायची असेल तर सुट्या मापांकडे बघा, आणि तरीही आकडा ठोकू नका, ‘दोनपेक्षा जास्त’ एवढ्यावर थांबा.

तपासणी: प्रत्येक मापापुढे रो, प्र किंवा दु लिहा, रोजचं, प्रसंगाचं, दुकानाने ठरवलेलं. दु लिहिलेल्यांवरून कुठलाही निष्कर्ष नको.

## ७. कंस, खाडाखोड, टिका

‘चांगला बघून’ हे चार शब्दांच्या आतलं वाक्य अख्ख्या यादीपेक्षा जास्त सांगून जातं. लिहिणारी व्यक्ती दुकानात जाणार नाहीये आणि जाणाऱ्यावर तिचा पूर्ण भरवसा नाही. स्वतःसाठी कुणी ‘चांगला बघून’ लिहीत नाही. ही खूण फार जुनी आहे. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाच्या रोमन सैन्याच्या छावणीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सापडलाय, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, त्यात एक खरेदीची यादी आहे: कोंबड्या वीस, सफरचंदं शंभर, चांगली मिळाली तर, अंडी शंभर किंवा दोनशे, वाजवी भावात मिळत असतील तर. लिहिणारा एक, आणणारा दुसरा, हे तिथेही दोन अटींवरून कळतं. आपल्याकडे ‘कुजकं नको’, ‘तोच ब्रँड’, ‘नसेल तर राहू दे’ हे सगळे त्याच जातीचे.

खोडलेलं वाचायचा प्रयत्न जरूर करा, उजेडासमोर धरा, मागून बघा. मॅगी सहा, मग चार. सहा लिहिणारं निळं पेन आणि चार करणारं काळं असेल तर घरात एक छोटीशी वाटाघाट झाली आणि काळं पेन जिंकलं. आमच्या यादीत तसंच आहे. पेन एकच असतं तर लिहिणाऱ्याने स्वतःच मन बदललं एवढंच म्हणता आलं असतं.

टिकांचं मात्र अवघड आहे. कुणी घेतलेल्या वस्तूवर टिक करतं, कुणी घरी आहे त्यावर, कुणी वाण्याकडे मिळालं नाही त्याला गोल करतं. टिकेचा अर्थ त्या कागदापुरता ठरवावा लागतो, आणि टिक सामानाच्या यादीच्या पेनानेच केली की दुसऱ्या, ते बघावं लागतं. वाण्याच्या पेन्सिलीच्या टिका आणि पुढे लिहिलेले भाव त्याचे, घरचे नाहीत. घरच्यांनीच भाव लिहून खाली बेरीज केली असेल, आणि बेरजेनंतर एखादी वस्तू खोडली असेल, तर पैशांचं गणित डोळ्यासमोर होतं हे सांगता येतं. पैसे कमी होते असं नाही सांगता येत. भरपूर पैसेवालीही बेरीज करतात, उलट तीच जास्त करतात.

## ८. आता वस्तू, आणि न लिहिलेलं

इतक्या पुढे आल्यावर वस्तू वाचा. ‘ह्यांची ब्लेडं’ म्हणजे लिहिणारी बायको, यात फारसा वाद नाही. ‘बाबांची बिस्किटं’ मात्र अवघड: तिचे वडील, तिचे सासरे, किंवा पोरांसमोर नवऱ्यालाच बाबा म्हणायची सवय. पण त्याच यादीत नवरा ‘हे’ आहे, तेव्हा बाबा बहुधा वेगळे. इसबगोल बाबांसाठीच असं नका धरू, ते कुणालाही लागतं.

मग नसलेल्या वस्तू. या यादीत तांदूळ नाही, गहू नाही, कणीक नाही, दूध नाही, भाजी नाही. घाईत वाचणारा म्हणेल लो-कार्ब. अहो, दूध दारात पिशवीने येतं, भाजी खाली हातगाडीवर मिळते. तांदूळ गावाहून येत असेल, वाडा तालुक्याकडचा नाहीतर कोकणातला. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवलं असेल. रेशनचं असेल, अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि ते वाण्याच्या यादीत कधी येणार नाही. धान्य नसण्याची ही तीन कारणं तीन वेगळ्या आर्थिक परिस्थितींची, आणि कागदावर तिघांचं दिसणं सारखंच.

सावधान: जात आणि धर्म काढायचा खेळ खेळू नका. कांदा-लसूण नाही, अंडी नाहीत, सुकट आहे, यावरून लोकांना फार हुशारी सुचते. श्रावणात अर्ध्या ठाण्याच्या याद्या शाकाहारी होतात, आणि मासळी वाण्याकडे मिळत नसते.

आणखी एक धरून चालायचं, यादी हा बेत असतो. आणलं काय ते बिल सांगतं, खाल्लं काय ते यातलं कुठलंच सांगत नाही. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजे यांनी १९७३ पासून लोकांच्या घरच्या कचऱ्याचा अभ्यास चालवला, त्यात दिसलं की बिअर किती पितो हे सांगताना लोकं कमी सांगतात आणि कचऱ्यात जास्त निघते. सामानाच्या यादीवर ‘वजन कमी करायचं म्हणून ओट्स’ येतात आणि बिलावर फरसाण. यादी आणि बिल एकत्र सापडलं, म्हणजे बिलात यादी गुंडाळलेली, तर तो लॉटरीचा दिवस समजा आणि दोन्हींतला फरक ओळीओळीने काढा.

## ९. लिहून काढणं

वहीचं पान उभं तीन भागांत आखा. पहिल्यात कागदावर जे दिसतं तेच: ‘मॅगी ६, निळं, खोडून ४, काळं.’ दुसऱ्यात तुमचा अंदाज: ‘मुलाने मागितली, आईने कमी केली.’ तिसऱ्यात त्या अंदाजाच्या विरुद्ध किमान एक साधं कारण: ‘नवऱ्याने मागितली’, ‘घरात दोन पाकिटं सापडली.’ तिसरा भाग रिकामा राहत असेल तर तुम्ही नीट विचार केलेला नाही, परत बसा.

दुसरा भाग पहिल्यात घुसला की काय होतं त्याचं मोठं उदाहरण म्हणजे मायकेलअँजेलोची १५१८ सालची यादी. पत्राच्या मागे जेवणाचे पदार्थ लिहिलेत आणि शेजारी मासे, पाव, वाइनचे कुंजे अशी चित्रं काढलीत. नोकराला वाचता येत नव्हतं म्हणून चित्रं, असं सगळीकडे ठासून सांगतात. असेलही. पण कागदावर आहेत ती अक्षरं आणि चित्रं, नोकराचं शिक्षण तिथे लिहिलेलं नाही.

आमच्या यादीचे तिन्ही भाग भरून शेवटी काय उरलं ते सांगतो: लिहिणारी विवाहित बाई, दुकानात गेली ती नाही, घरात निदान तीन माणसं, त्यातलं एक तिच्या यादीत हात घालू शकणारं, संक्रांत जवळ. ब्लेडं ज्याची तोच सामान आणायला गेला का, हे मला लिहायचा फार मोह झाला. साबुदाणा बघून घ्यायची सूचना नवऱ्यालाच केली असणार असं वाटतं. पण ते दुसऱ्या भागात ठेवलंय, आणि शेजारी तिसऱ्या भागात लिहिलंय: कामवाली, मुलगी, शेजारीण.